घोडीसाठी पावाची कड

कोलेताला लहानपणापासून एकच गोष्ट हवी होती: नांगराच्या घोडीचे लगाम. बाप म्हणायचा, "पोरींनी धारा काढाव्यात." वीस वर्षं काढल्या बिचारीनं.

मग एमील आला. त्यांच्या गील गावात मनाचे आजारी घरोघरी पाहुणे म्हणून राहतात, शेतात राबतात, घरच्यांच्या पंक्तीला बसतात. काय झालंय, हे कुणी विचारत नाही. दोन महिने त्याच्या तोंडून शब्द फुटेना. तर बापानं काय करावं? लगाम त्याच्याच हातात दिले! म्हणे, "शेतावर राहील तर बोलेल."

आणि बोललाच की मेला. आधी घोडीशी, मग बापाशी. बाप रोज जेवताना म्हणायचा, "काय सरळ तास घालतो हा!" कोलेताच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. वर हा प्रत्येक पावाची कड खिशात घालायचा. खादाड कुठला!

महिन्याच्या फेरीला नर्सबाई सायकलवरून आल्या, तेव्हा कोलेता सरळ खोटं बोलली. "घोडीला मारतो हा."

"खरं का रे एमील?" नर्सबाईंनी विचारलं.

एमीलनं कोलेताकडे पाहिलं. "हो. मारतो."

बापानं ताटातले बटाटे तसेच टाकले. दुसऱ्या दिवशी एमीलला दुसऱ्या घरी न्यायचं ठरलं.

सकाळी बापानं लगाम कोलेताच्या हातात दिले. नांगराचा पहिला तास झकास निघाला. बांधाशी घोडी थांबली ती हलेचना. मान वळवून कोलेताच्या एप्रनचा खिसा हुंगत राहिली. खिसा रिकामा होता. कोलेताला पावाच्या कडा आठवल्या.

ती धावत घरी आली. एमील पेटी घेऊन दाराशी बसला होता.

"हो कशाला म्हणालास रे?"

"तुम्हाला लगाम हवे होते," तो म्हणाला. "गोठ्याच्या खिडकीतून रोज बघायचात."

नर्सबाई त्याला न्यायला आल्या, तेव्हा बापासमोर तिनं सगळं कबूल केलं. लगाम उचलून बापानं एमीलला दिले, आणि कोलेता गोठ्यात गेली.

पुढं एमील सव्वीस वर्षं त्या घरात राहिला. बाप गेल्यावरही लगाम त्याच्याकडेच होते. कोलेता शेवटपर्यंत जळत राहिली. त्याच्या पावाची कड मात्र रोज जाड कापायची.