नावं संपेपर्यंत

कुठलीही गोष्ट पुरती संपेपर्यंत जागचा न हलणारा माणूस सोलापुरात एकच झाला, तो म्हणजे माझा धाकटा मेहुणा. त्याच्याबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. कुणी विचारलं की हसण्यापुरतं सांगायचो आणि विषय बदलायचो. आता थकलो. टाळायचेही श्रम होतात.

भवानी पेठेत तो माग चालवायचा आणि लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. सात रस्त्याजवळ सिनेमाला गेलो की लोक रिक्षात बसले तरी हा खुर्चीतच. पडद्यावर नावं सरकत असायची, झाडूवाला पायाशी येऊन उभा राहायचा, आणि हा त्यालाच म्हणायचा, "थांब की बाबा, लाइटवाल्यांची नावं यायची हायती अजून." पुढं त्याचा मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि गेमचं यंत्र घरीच राहिलं. त्यात एका अंधाऱ्या किल्ल्याच्या गेमची मालिका होती. वटवाघळं, शवपेट्या आणि रक्त पिणारा एक सरदार, जो प्रत्येक भागात मरायचा आणि पुढच्या भागात पुन्हा हजर. मेहुण्याला ना किल्ल्यात रस, ना लढाईत. त्याला हवं असायचं शेवटी नावांबरोबर वाजणारं संगीत. ते कुणी मोबाइलवर लावून दिलं तर मात्र रागवायचा. "सरदाराला मारल्याबिगर कसं ऐकायचं, दाजी? फुकट हाय व्हय ते?" मग मागावर राठ झालेल्या बोटांनी महिनोन्महिने लढायचा, मरायचा, पुन्हा किल्ल्याच्या दाराशी यायचा. माझी बायको म्हणायची, "अरे, तो सरदारच एक दिवस कंटाळून जीव देईल." सरदार मेला की आम्हाला बोलावणं यायचं, भजी तळली जायची आणि नावं संपेपर्यंत उठायची बंदी. "आरती अर्धी टाकून उठता का?" परदेशी नावं तो अडखळत मोठ्यानं वाचायचा, मध्येच खूश होऊन ओरडायचा, "ह्यो गडी गेल्या भागात बी हुता की!" या परक्यांची नावं वाचून तुला काय मिळतं, असं मी एकदा विचारलं. म्हणाला, "दाजी, जलमभर चादरी विणल्या. एकीवर तरी माजं नाव हाय का? ज्यांचं आलंय त्यांचं तरी वाचू."

माझ्या मुलीच्या लग्नात बँड त्याचाच होता. पाठवणीच्या वेळी नेहमीचं गाणं सोडून त्यानं भलतंच सुरू केलं. संथ, जड, मध्येच श्वास घ्यायला थांबल्यासारखं. मी ओळखलं. किल्ला कोसळल्यावर नावांबरोबर वाजतं ते. व्याह्यांकडची मंडळी एकमेकांकडे बघू लागली, त्यांच्यातले एक म्हातारे कानडीत काहीतरी पुटपुटले, आणि माझं डोकं फिरलं. "मयताला आलायस का रे? बंद कर ते!" सगळ्यांदेखत ओरडलो. सूर तुटला. क्लॅरिनेट तोंडापासून काढत तो एवढंच म्हणाला, "थोडंच राहिलं हुतं, दाजी." त्यानंतर ते वाद्य पेटीतून निघालं नाही.

पहिल्या सणाला माहेरी आली तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, ते मीच सांगितलं होतं. इतकी वर्षं मामाशेजारी बसून ऐकलेलं ना. घर सोडताना तेच हवं होतं मला."

तसाच त्याच्या घरी गेलो. पडद्यावर नावं सरकत होती. मी तोंड उघडणार तोच त्यानं नजर न हलवता हात वर केला, बस म्हणून. बसलो. नावं संपली, पडदा काळा झाला. तेवढ्या वेळात मनात जुळवलेले शब्द कुठे गेले कोण जाणे. "चा टाकायला सांगू, दाजी?" त्यानं विचारलं. हो म्हटलं. चहा प्यालो, उन्हाळ्याबद्दल बोललो आणि परत आलो. पुन्हा जाऊ म्हणता म्हणता राहिलं. त्याच उन्हाळ्यात तो बसल्या बसल्या गेला.

शेवटचा भाग त्याचा अर्धाच राहिला होता. यंत्र आता माझ्याकडे आहे. मुलीनं ते संगीत मोबाइलवर पाठवलं, पण मी लावलं नाही. त्याला चाललं नसतं. रोज दुपारी किल्ल्याच्या दाराशी जातो आणि मरतो. चष्मा पुसतो, पुन्हा जातो. सरदार दाद देत नाही. कधी मेलाच, तर शेवटच्या नावापर्यंत बसून राहीन आणि पडदा काळा झाल्यावर त्या रिकाम्या खोलीत जे म्हणायचं ते आतापासून घोकून ठेवलंय. चुकलं रे माझं. पुरतं वाजवू द्यायला हवं होतं.