ओल्या कापडावरचं जेवण

जहाजावर नवरा खालच्या जेवणाच्या हॉलात वाढायचा आणि बायको वरच्या डेकवर बुफे सांभाळायची. हल्ली सगळे प्रवासी वरच धावत. खालचा हॉल ओस पडू लागला, तेव्हा ही सफर संपली की तो बंद करायचा, असं मॅनेजरने ठरवलं.

"मग काय अहो, माझ्या हाताखाली काकड्या चिरायच्या!" बायको खिदळली.

"त्यापेक्षा पोहत घरी जाईन."

दुसऱ्या दिवशी ऐन जेवणाच्या वेळी समुद्र खवळला. बुफेत ताटं घेऊन निघालेले पाहुणे एकमेकांच्या गळ्यात पडू लागले. किंचाळत, हसत सगळी वरात खाली आली, कारण जहाजाच्या पोटातला हॉल कमी डुलतो. नवऱ्याने टेबलांवरची कापडं भराभर ओली केली, म्हणजे ताटं घसरत नाहीत. मग दोन्ही हात भरून तो नाचतच वाढत सुटला.

मॅनेजर एका हाताने टेबल घट्ट धरून जेवत होता. "हॉल राहू दे बाबा," तो म्हणाला, "आणि अजून वाढ."

बायको दारात उभी होती.

"बघतेस काय? बाह्या सरसाव, कापडं भिजव!" नवरा ओरडला.

"जशी आज्ञा, साहेब!" म्हणत तिने पाण्याचा पहिला जग त्याच्याच डोक्यावर रिकामा केला.