दोन भावांचा एक पासवर्ड

आमच्या गावात बायका कुस्तीच्या आखाड्यावर जात नाहीत. कोणी अडवत नाही, पण जात नाहीत. तरी यात्रेत कोणी कोणाला पाडलं हे बायकांनाच जास्त माहीत असतं, कारण आखाडा आमच्या केबलवर घरबसल्या दिसतो. केबलची कंट्रोल रूम आमच्या गोठ्याला लागून आहे. मालकांनी आणि धाकट्या दिरांनी मिळून ती काढली, पण दोघं असतात शेतात, म्हणून सांभाळते मी. चौथी पास बाईला कळायला पाहिजे तेवढं मला कळतं. कुठला दिवा हिरवा असावा आणि कुठला लाल झाला की ओरडायचं.

खरं सांगायचं तर आता केबलची गरज कोणाला राहिलेली नाही. घरावर डिशची छत्री आहे, हातात मोबाईल आहे. लोकांनी आमची वायर घरात ठेवली आहे ती यात्रेपुरती. एका यात्रेला टीव्ही निळा राहिला तर ती कापून तिच्यावर कपडे वाळत घालतील. मीही तेच केलं असतं.

खोलीत एक जुनं चपटं मशीन आहे. कॅमेऱ्याचं चित्र त्यात शिरतं आणि तिथून गावभर जातं. पुढं बोटभर काच आणि चार-सहा बटणं. गावाला काय दिसावं ते त्याच्या सेटिंगमध्ये ठरतं आणि पासवर्ड दिल्याशिवाय सेटिंगला हात लावता येत नाही. हा पासवर्ड आला दिरांच्या बैलामुळं.

मागं एका यात्रेत आखाड्यात मोठी कुस्ती रंगात आली असताना दिरांनी मध्येच सकाळची बैलगाड्यांची शर्यत लावली. शर्यत म्हणजे काय, स्वतःचा बैल. तोही तीनदा. कुस्ती कोणी मारली ते गावातल्या बायकांना दुसऱ्या दिवशी कळलं. भावाभावांचं बोलणं बंद झालं. शेवटी देवळाच्या पंचांनी तोड काढली. देवाच्या पेटीला दोन कुलपं असतात, किल्ल्या दोघांकडं, दोघं आल्याशिवाय पेटी उघडत नाही. मशीनलाही तसंच करा म्हणाले. मग पासवर्डचे पहिले तीन आकडे दिरांनी टाकले, तेव्हा मालकांनी तोंड फिरवलं. पुढचे तीन मालकांनी टाकले, तेव्हा दिरांनी. मलाही वाटलं, काय डोकं लावलंय!

त्यानंतर सेटिंगला हात लावायची वेळच आली नाही. यंदा मात्र मंचरचा कॅमेरावाला नवा कॅमेरा घेऊन आला. त्याची वायर मशीनच्या दुसऱ्याच भोकात बसत होती, म्हणून सेटिंग बदलणं भाग होतं. तिकडं आखाड्यात हलगी सुरू झालेली. मी दोघांना बोलावून घेतलं.

दिरांनी बटणांवर पंजा आडवा धरला. "दादा, तिकडं बघ."

"बघतोय. टाक लवकर. बाळंतिणीसारखा आडोसा कशाला करतो?"

मग मालकांनी आपले आकडे टाकले. काचेवर इंग्रजीत काहीतरी आलं. कॅमेरावाला म्हणाला, "चुकलंय."

"तुझंच चुकलं," मालक म्हणाले.

"माझं? तुला चष्मा कुठं ठिवला ते आठवत न्हाई, आकडे काय आठवणार!"

"तू तर बैल बदलला की आकडाबी बदलत असशील."

पुन्हा टाकले, पुन्हा चुकले. आणखी एकदा चुकलं तर मशीन तासभर ऐकणार नाही, असं कॅमेरावाला म्हणाला. पंचांच्या तोडीतली मेख मला तेव्हा कळली. पेटीचं कुलूप अडलं तर कुठलं अडलं ते दिसतं. मशीन नुसतं नाही म्हणतं, कोणाचं चुकलं ते सांगत नाही.

"मोठ्यानं सांगा की आपापले आकडे," मी म्हणाले.

"आधी त्यानं सांगावं," मालक म्हणाले.

"मी का म्हणून? माझं पक्कं हाय."

तेवढ्यात फोन सुरू झाले. "मावशी, टीव्ही निळाच हाय की वो! रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्या लागल्या म्हणं!"

मशीन बसवून दिलेल्या पुण्याच्या मेकॅनिकला मी फोन लावला.

"मावशी, ते मशीन अजून चालतंय?"

"चालत न्हाई म्हणून तर फोन केला."

तो म्हणाला, मशीनच्या मागं एक बारीक भोक आहे. मशीन चालू ठेवून त्यात टोकदार काहीतरी घाला आणि सगळे दिवे लुकलुकेपर्यंत दाबून धरा. पासवर्ड जाईल. पण आतली बाकीची सेटिंगही जातील. "ती नव्यानं भरणारं कोणी आहे का?"

मी दोघांकडं पाहिलं. वायरींचं सगळं मालकांना ठाऊक, चॅनेलचे आकडे दिरांना तोंडपाठ. सगळं पुसलं गेल्यावर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत तर आमची केबल त्या दिवशीच संपली असती. मी केसातली पिन काढली.

"अगं थांब! हाय ते जाईल!"

"वहिनी, लई रिस्क हाय!"

"आत्ता निळ्याशिवाय काय दिसतंय?" म्हणाले आणि दाबली.

दिवे लुकलुकले. काच कोरी झाली. दोघं भाऊ तिच्याकडं बघत राहिले.

"आता बोला," मी म्हणाले.

दीर काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं बोल की लेका, मी बटणं दाबतोय!" मालक खेकसले.

मग एक सांगत गेला आणि दुसरा दाबत गेला. थोड्या वेळानं पलीकडून जाऊबाईंची आरोळी आली, "दिसलं गं बया!" पहिलं चित्र कुस्तीच्या पंचाच्या पाठीचं होतं. पण आलं. बारक्या कुस्त्या बुडाल्या, मोठ्या सगळ्या दिसल्या. बोरीच्या पैलवानानं शेवटची कुस्ती मारली ती गावातल्या प्रत्येक बाईनं पाहिली.

चित्र येण्याआधी मशीननं नवा पासवर्ड मागितला होता.

"पुन्हा तीन-तीन?" दिरांनी विचारलं.

"तुमी दोघं तोंड फिरवा," मी म्हणाले आणि सहाच्या सहा आकडे मीच टाकले.

त्या दिवशी कोणाचं चुकलं यावर दोघं अजून भांडतात. आता काही उपयोग नसताना आपापले जुने आकडे पारावर सगळ्यांना सांगत फिरतात.

त्या सकाळी शर्यतीत दिरांचा बैल पहिला आला होता. कुस्त्या चालू असताना ते दोनदा दारात येऊन उभे राहिले. "वहिनी, तेवढी आमची शर्यत..."

कुस्त्या संपल्यावर लावली. एकदाच.