कपाट विरघळलं, बहीणही

पासपोर्ट फोटो हा त्याचा धंदा आणि बटण्या हे त्याचं नाव. "हनुवटी खाली, कान दिसू द्या," एवढ्यावर त्याचं पोट चालायचं. कॅमेरा लहान सेन्सरचा, पंज्यात मावणारा, पण इमानी. मग पलीकडच्या गल्लीत लग्नाचे फोटो काढणारा एकजण आला. त्याच्या गळ्यात विटेएवढा कॅमेरा. चेहरा टिपला की मागचं सगळं लोण्यासारखं विरघळायचं. गिऱ्हाइकं तेच मागू लागली.

बटण्यानं हट्टानं एक पॉइंट दोनची लेन्स आणली. सताड डोळा उघडणारी, म्हणजे मागचं जास्त विरघळवणारी, कॅमेऱ्याहून महाग.

लग्नवाला चहा पिता पिता म्हणाला, "लेन्स चांगलीच आहे रे. अंधाऱ्या हॉलात तुला उजेड पुरवील. पण मागचं विरघळायचं म्हणशील तर एवढ्याशा सेन्सरवर निम्मंच विरघळणार. सायकलला ट्रॅक्टरचं चाक लावलंस तू."

बोल जिव्हारी लागला. त्या दिवसापासून बटण्यानं लेन्सचा डोळा जरासाही मिटला नाही. भर उन्हातसुद्धा नाही. एवढी महागाची वस्तू किलकिली करून वापरायची तर आणली कशाला, असं त्याचं म्हणणं.

अशात मावशीची धाकटी बहीण अकरा वर्षांनी परदेशातून चार दिवसांसाठी आली. बटण्याला मावशीनंच लहानाचं मोठं केलेलं. म्हातारपणी दोघी बहिणींचा एकत्र असा फोटोच नव्हता.

"मोठा काढ चांगला," मावशी म्हणाली. "पुन्हा ही येते का मी जाते, कुणाला ठाऊक."

"तू कुठली येतेस? गुडघे विमानाच्या शिडीवर चढू देतील का तुला?" धाकटी म्हणाली.

मावशी खिडकीशी खुर्चीत बसली. धाकटी खुर्चीच्या पाठीला धरून वीतभर मागं उभी राहिली. उजेड रग्गड होता. लेन्स थोडी मिटली असती तर दोघी लख्ख आल्या असत्या, आणि हे बटण्याला पक्कं ठाऊक होतं. पण त्याच्या डोक्यात लग्नवाला ठाण मांडून बसलेला. मागचं कपाट विरघळवून दाखवतोच, म्हणून त्यानं डोळा सताड उघडा ठेवला. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर दोघी झकास दिसल्या. धाकटी त्याच संध्याकाळी परत गेली.

आठवड्यानं मोठा फोटो छापून आला. मावशीच्या पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा, आणि धाकटीचा चेहरा दुधात बुडवून काढल्यासारखा. कपाट मात्र फर्मास विरघळलं होतं.

"ही अशी का रे दिसते?"

"हलली ती," बटण्या बोलून गेला.

हललेला चेहरा ओढल्यासारखा दिसतो आणि हा नुसता विरलाय, हे त्याच्या धंद्यातलं पोरही सांगेल. मावशीला काय कळणार? तिनं तिथंच धाकटीला फोन लावला, स्पीकरवर.

"लहानपणापासून तुझ्या अंगात किडे. क्षणभर धड उभी राहिली नाहीस बघ. हललीस."

धाकटी पलीकडून म्हणाली, "ताई, मला वाटलं नीट उभी होते मी. डॉक्टर म्हणाले होते, मान थरथरायला लागेल म्हणून. तुला सांगणार नव्हते. फोटोत आलं म्हणजे वाढलंय वाटतं."

मावशीनं फोटो पुन्हा डोळ्यांजवळ धरून पाहिला. बटण्यानं तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण तो दुकान उघडायचंय म्हणून सटकला. दोन दिवस कुणाला 'हनुवटी खाली' म्हणताना त्याची स्वतःचीच खाली जायची.

तिसऱ्या दिवशी तो मावशीकडे आला आणि त्यानंच धाकटीला फोन लावला, स्पीकरवर.

"धाकटी मावशी, तू हलली नव्हतीस. खोटं बोललो मी. चूक माझी. लेन्स नको तेवढी उघडी ठेवली, कपाट विरघळवायला."

"कपाट?" मावशी म्हणाली. "त्या कपाटानं तुझं काय घोडं मारलं होतं?"

"त्या लग्नवाल्याला दाखवायचं होतं."

ते बोललेलं त्याचं त्यालाच ऐकवेना.

"म्हणजे फोटोत मानेची थरथर नाही ना आली माझी?" धाकटी विचारत होती. "दोन दिवस आरशापुढं बसून मान बघतेय रे मी. हसायचंसुद्धा विसरले."

"नाही आली बाई," म्हणत मावशीनं फोन ठेवला. फोटो उचलला, पदरानं पुसला, त्याच्या हातात दिला.

"खिळा ठोक, त्या दाराशेजारी."

"खराब आलाय मावशी. लोक येतात-जातात, नको तिथं."

"मग चांगला दे ना दुसरा."

बटण्यानं स्टूल ओढलं. हातोडी दोनदा बोटावर बसली, पण तो हूं की चूं करेना.