मोठीची दृष्ट

भुतंखेतं, करणी, दृष्ट... असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. दिवसभर बँकेत लोकांच्या तक्रारी ऐकायच्या, घरी येऊन आईच्या. त्यात भुतांना वेळ कुठून देणार?

आम्ही लखनौला विकास नगरमध्ये राहतो, दुसऱ्या मजल्यावर. दोन वर्षांपूर्वी आईला साताऱ्याहून इथे आणलं. डिमेन्शिया. ती मला ओळखत नाही, "अहो बाई" म्हणते. पोटच्या पोरीला! दिवसातून वीसदा तेच प्रश्न, तीच उत्तरं... जीव मेटाकुटीला येतो.

एक गोष्ट मात्र ती विसरलेली नाही — शनिवारी संध्याकाळी दृष्ट काढणं. मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुठीत घेऊन माझ्या आठ वर्षांच्या इरावरून ओवाळायचं आणि गॅसवर जाळायचं. आम्ही सगळे खोकून बेजार.

गेल्या हिवाळ्यात नवीनच सुरू झालं. इराचं झालं की दुसरी मूठ भरायची, एक पाऊल बाजूला सरकायचं आणि रिकाम्या जागेवरून ओवाळायचं. तेही इराच्या डोक्यापेक्षा वीतभर उंचावरून.

"आजी, वहाँ कोई नहीं है ना!" इरा ओरडायची.

"गप गं. धाकटीची काढली, मग मोठीची नको?"

मोहरी घरभर, झाडायला मी. एकदा चिडून ओरडलेच, "आई, मला एकच मुलगी आहे!"

तिने शांतपणे मूठ गॅसवर टाकली. मिरच्या काळ्या पडल्या... पण ठसका नाही, वास नाही. त्याच डब्यातल्या मिरच्या होत्या. वास आला नाही की दृष्ट जबर, असं आईच सांगायची.

मी गॅस बंद केला. इराच्या दोन वर्षं आधी, चौथ्या महिन्यात माझं मूल गेलं होतं. दोन दिवस रजा टाकली आणि पुन्हा काउंटरवर बसले, धड रडलेही नाही. दवाखाना सोडला तर फक्त मला आणि नवऱ्याला माहीत. आई हळवी, म्हणून तिला मुद्दाम सांगितलं नव्हतं.

नवऱ्याला फैलावर घेतलं. "मी कशाला सांगू यार? आपलं ठरलं होतं ना," तो म्हणाला.

डॉक्टर म्हणतात, अशा पेशंटना भास होतात. होत असतील. पण मिरच्यांनाही होतात का? दर शनिवारी दुसऱ्या मुठीला वास येत नाही. का, ते मला आजही माहीत नाही.

गेल्या शनिवारी मात्र न राहवून विचारलं, "आई, कशी दिसते गं मोठी?"

तिने वैतागून माझ्याकडे पाहिलं.

"मला काय विचारता, बाई? तिच्या आईला विचारा."