एकवीस जणांचे जोडे

अर्जदार: मी स्वतः. वय सत्तेचाळीस, शिक्षण नववी नापास, व्यवसाय अर्जलेखन, धर्म बौद्ध, राहणार धामणगाव बढे, तालुका मोताळा.

गैरअर्जदार: गजाननराव, बागायतदार व खत-बियाण्यांचे दुकानदार, राहणार सदर.

घटनास्थळ: बँकॉक शहर, नदीकाठचे बुद्धमंदिर, पायऱ्यांची डावी बाजू.

वेळ: सहलीचा दुसरा दिवस, सकाळी दहाचा सुमार. ऊन कडक.

साक्षीदार: गजाननरावांचे व्याही प्रकाशशेठ; आमच्या गटाची तिथली वाटाडी बाई नोई; आणि एकवीस जणांचे जोडे, ज्यांना बोलता येत नाही.

वर नमूद ठिकाणी गजाननरावांनी आपले पांढरे बूट काढले आणि पायानेच माझ्याकडे सरकवले. मग बाकीच्यांनी तेच केले. बूट, चपला, सँडल. घामेजलेले मोजे आत कोंबलेले. एकाचा मोजा माझ्या पायावर पडला. त्याने तो उचलला नाही.

“तू इथंच बस बे,” गजाननराव म्हणाले. “जोडे पाह्य. इकडले लोक लय चोट्टे असतात.”

मी म्हणालो, “भाऊ, मले बी आत याचं हाये.”

“तुले काऊन? तुमचाच त देव हाये आत. तू त घरी रोजच पाह्यतं. आमाले पाहू दे ना एखाद्या डाव!”

हे शब्द जसेच्या तसे आहेत. मी त्यात काना-मात्रेचाही फरक केलेला नाही. सगळे हसले. मीही हसलो. माझ्या हसण्याची नोंद मी मुद्दाम करीत आहे, कारण मला स्वतःची किळस आली ती तिथे.

मी या सहलीत कसा, हे सांगणे आवश्यक आहे. तहसील कचेरीसमोर माझे टेबल आहे. सातबाऱ्यापासून वारसनोंदीपर्यंत तालुक्याचे कागद माझ्या हाताखालून जातात. माझ्या भाषेला साहेब लोकही मान देतात. गजाननरावांच्या दुकानाने भरपूर खत विकले, म्हणून कंपनीने इतर दुकानदारांबरोबर त्यांनाही दोन माणसांची सहल बक्षीस दिली. त्यांच्या भागीदाराचा पासपोर्ट वेळेत आला नाही. माझा तयार होता. लोकांचे पासपोर्टचे अर्ज भरता भरता मी एक स्वतःचाही भरला होता. कशासाठी, ते मलाही सांगता आले नसते.

गजाननराव चहाच्या टपरीवर चारचौघांत म्हणाले, “चाल बे, सल्लागार म्हणून चाल.”

सल्लागार. हा शब्द मी खरा मानला. दोन सफारी शिवल्या. विहारात माझा सत्कार झाला, शाल मिळाली. आई म्हणाली, “तिथल्या बुद्धाले माह्या नावानं हात जोडजो. माह्या पायानं आता मोताळ्याले बी जानं होत नाही.” मी तिला शब्द दिला. माझे एवढेच काम होते त्या शहरात.

पहिल्या दिवशी बँकॉक मी बसच्या काचेतून पाहिले. डोक्यावरून धावणारी रेल्वे. एकावर एक रस्ते. गाड्यांचा समुद्र, पण हॉर्न कोणी वाजवीत नव्हते. फुटपाथवर बायका माशांचे तुकडे तळत होत्या, माणसे प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून जेवत होती. आमच्या मंडळींनी नाकाला रुमाल लावले. “काय खाऊन राह्यले बे हे, जनावरासारखे!” असे म्हणणाऱ्या प्रकाशशेठनी हॉटेलच्या दारातल्या कुंडीत तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकला. कुंडीत पांढरे फूल होते. लाल झाले. हॉटेलची मुलगी हात जोडून उभी होती. तिच्याकडे पाहून हे लोक आपसात जे बोलले, ते मी लिहिणार नाही. माझ्या लेखणीलाही काही अब्रू आहे.

खोलीत पलंग दोन होते. एकावर गजाननराव आडवे झाले. दुसऱ्यावर त्यांनी आपली पेटी ठेवली, आणि पेटीतून एक सतरंजी काढून माझ्या अंगावर टाकली. निळ्या पट्ट्यांची, घरची, धुऊन घडी घातलेली. “तुले खालीच झोप लागते,” ते म्हणाले. माझा पासपोर्टही मागून घेतला. “हरपशील तू. माह्यापाशी राहू दे.” तो त्यांच्या कमरेच्या थैलीत गेला.

पेटी पलंगावर. माणूस फरशीवर. मी सतरंजी अंथरली. फुकट तिकिटावर आलेल्या माणसाची जीभ जड होते.

आता मंदिराकडे येतो. ते सगळे आत गेले. मी जोडे राखत बसलो. आमच्याकडे देवळाबाहेरून चप्पल जाते, म्हणून एकाला बसवावे लागते, आणि कोणाला बसवायचे हे न विचारता ठरते. मलाही वाटत होते, इथूनही जोडे जातील. मी खरोखरच एकेकाच्या पायांकडे संशयाने पाहत होतो.

नोई पाणी घ्यायला बाहेर आली. हिंदी तिला कामापुरती येत होती.

“अंकल, आप क्यों बैठा है? यहाँ जूता कोई नहीं लेता.” तिने शेजारी बोट दाखवले. लाकडी मांडणी होती. शेकडो लोकांचे जोडे. राखणदार कोणी नाही. मी अर्धा तास त्या मांडणीकडे पाठ करून बसलो होतो.

तेवढ्यात आतून वंदना ऐकू आली. चाल वेगळी, उच्चार वेगळे, पण शब्द ओळखीचे. माझी आई दर पौर्णिमेला म्हणते तेच. हजारो मैलांवर, ज्यांनी धामणगावचे नाव कधी ऐकले नाही त्या माणसांच्या तोंडून. आणि मी बाहेर. मोज्यांच्या वासात.

मी उठलो. जोडे तिथेच सोडले. आत गेलो.

गजाननराव मूर्तीकडे पाय पसरून फोटो काढून घेत होते. मंदिराचा सेवक त्यांना पाय मागे घ्यायला खुणावत होता. त्यांना खूण कळली नाही, मी दिसलो.

“जोडे कोनापाशी ठेवले बे?”

“जोड्यांपाशी.”

एक म्हातारी सतरंजीवर बसली होती. तिने सरकून मला जागा दिली. जात विचारली नाही, गाव विचारले नाही. मी गुडघे टेकले. आईचे हात जोडून झाले. मग माझे.

बाहेर सगळे जोडे होते तसेच होते. बसमध्ये गजाननराव सर्वांदेखत ओरडले, “कोनाच्या जिवावर आला तू? पासपोर्ट माह्यापाशी हाये, ध्यानात ठेव!”

मी उभा राहिलो. बस चालू होती. वरची दांडी धरून म्हणालो, “पासपोर्ट द्या.”

“नाही देत. काय करशील?”

“नोईबाई, बस पुलिस के पास ले चलो.”

नोईने ड्रायव्हरला काहीतरी सांगितले. बस रस्त्याच्या कडेला थांबली. प्रकाशशेठ कुजबुजले, “द्या हो, व्याही, परमुलूख हाये.” थैलीची चेन उघडली. पासपोर्ट माझ्या पायाशी फेकला गेला. मी तो उचलला, कारण तो माझा होता.

खोलीत गेल्यावर मी पेटी पलंगावरून उचलली आणि फरशीवर ठेवली. उरलेले दिवस पलंगावर झोपलो. सकाळी एकटा निघायचो. कालव्यातली बोट, घामट बाजार, चुकलेले रस्ते. स्टुलावर बसून भात खाल्ला. त्या शहराने मला मान दिला असे मी म्हणत नाही. त्याने मला हिशेबातच धरले नाही. पण वरून खालीही पाहिले नाही. एवढा फरक कळायला सत्तेचाळीस वर्षे लागली, याची मला शिसारी येते.

आणखी एक कबूल करतो. माझ्या टेबलासमोर खुर्ची एकच आहे, आणि ती मी माणूस पाहून देतो. फासेपारध्याची बाई आली की ती जमिनीवर बसते आणि मी खुर्चीवरून “हं, बोल” म्हणतो. ही सतरंजी मीही लोकांना टाकलेली आहे. यापुढे टाकणार नाही.

परत आल्यावर गावातले शहाणे सांगतात, “जाऊ दे बे, भायेरच्या देशातली गोष्ट. इथं कोन घेईल तुही तक्रार?” त्यांच्यासाठी मुद्दा स्पष्ट करतो. सतरंजी बँकॉकला विकत घेतलेली नव्हती. ती धामणगावात, गजाननरावांच्या घरी, माझ्यासाठी घडी घालून पेटीत भरली होती. विमानात बसण्याआधी माझी जागा ठरली होती. म्हणून तक्रार इथलीच आहे.

सबब विनंती की, गजाननराव यांनी खालील प्रश्नाचे उत्तर लेखी व सहीनिशी, हे वाचल्यापासून पंधरा दिवसांत, ग्रामसभेसमोर द्यावे: दोन पलंगांच्या खोलीसाठी सतरंजी कोणत्या कारणाने बांधली?

तोंडी उत्तर, टपरीवरचा चहा, मध्यस्थ किंवा “गंमत होती” हा खुलासा स्वीकारला जाणार नाही. उत्तर न आल्यास सोळाव्या दिवशी मी पोलीस ठाण्यात जाईन. तो अर्ज लिहून तयार आहे. फक्त तारीख टाकायची आहे.