डाव्या बाजूची चुणी

कुंदाताई गेल्याला आता दीड महिना झाला. त्या दिवशी सकाळी त्यांच्या सुनेचा फोन आला, "काकू, आई गेल्या. हार्ट अटॅक." गॅसवरचं दूध उतरवलं आणि खरवईहून चामटोलीची रिक्षा पकडली. बारा वर्षं माझे ब्लाऊज त्यांनीच शिवले. त्यातली शेवटची सहा वर्षं मी जिवंत आहे ती त्यांच्यामुळे. हे त्यांना कधी सांगितलं नाही... आमच्यात तसं बोलायची पद्धतच नव्हती.

सहा वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नाचा ब्लाऊज घालून बघताना डाव्या बाजूला चुणी पडली. "माजाच कटिंग चुकला गो," म्हणत त्यांनी टाके उसवले. पुन्हा शिवला, पुन्हा चुणी. तिसऱ्यांदा मी वैतागले, म्हटलं, पोरगी सासरी पोचेल तोवर. त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं. "काढ तो ब्लाऊज." चुणी कापडात नव्हतीच. कणकेवर बोट दाबावं तशी कातडी आत ओढली गेली होती.

"वयानं होत असेल. दुखत तर नाही," मी म्हटलं. त्या भडकल्या. "चालीस वर्सां मापा घेतंय मी! दोन बाजू थोऱ्या कमीजास्त सगल्याच बायांच्या. बालंतपनाचे वन, उन्हाल्यात घामोलं, सगला चालतं. पन हा खलगा दिवालीच्या मापाला नव्हता. उद्या डाक्टर."

कॅन्सरची गाठ हाताला लागत नव्हती, मॅमोग्राफीत दिसली. डॉक्टर म्हणाल्या, घरातल्या बायकांनाही सांगा, नवा खळगा, संत्र्याच्या सालीसारखी कातडी, आत वळलेलं स्तनाचं बोंड, त्यावर बरं न होणारं पुरळ, यातलं काहीही दिसलं की दुखायची वाट बघू नका. वयाप्रमाणे तपासणी कधीपासून करायची, तेही त्यांनी विचारून ठेवावं. मी तर तपासणीचं शिबिर दोनदा टाळलं होतं, पापडांचं निमित्त सांगून. स्वतःचीच लाज वाटली.

ऑपरेशनमध्ये डावा स्तन काढल्यावर वर्षभर कुंदाताईंकडे गेले नाही. गेले तेव्हा त्यांनी न विचारता डावीकडे आतून मऊ सुती गादी लावून दिली. पुढे प्रत्येक ब्लाऊजला तशीच लावली.

गेल्या आठवड्यात कॅम्प तीनच्या बाजारात नवी शिंपीण शोधली, चाळिशीची. तिला पहिल्यांदाच तोंडाने सांगावं लागलं, "डावीकडे ऑपरेशन झालंय."

"बहुत दुखत होतं काय, आंटी?"

"अजिबात नाही."

टेप तिच्या हातातच राहिली. "माझ्या पण एका बोंडावर दोन महिन्यांपासून खाज आहे. खपली धरते, निघते. दुखत नाही, म्हणून क्रीम लावते..."

माप राहिलंच. मी तिला शटर ओढायला लावलं आणि आम्ही दोघी दवाखान्यात जायला रिक्षात बसलो.